साडेतीन तास मागचं घड्याळ

छत्तीसगडात दुर्गजवळ, आमच्याकडच्या नेहरू नगरात हायवेला लागून एक घड्याळाचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळी तिथे मी एक पेन्सिल सेल हातात घेऊन उभा होतो आणि दुकानदाराशी हुज्जत घालत होतो, की मागच्या वेळी दिलेला सेल चार महिनेसुद्धा टिकला नाही, हाही तसलाच जुना माल आहे का... तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माझ्या मित्राची, सुदामची मुलगी, प्रज्ञा. ती रायपूरला नोकरी करते, पण वडिलांचं दुखणं वाढल्यापासून चरोद्याला घरीच येऊन राहिली होती. "काका," एवढंच म्हणाली आणि थांबली. मग हिंदीत म्हणाली, "बाबा नहीं रहे." घरात ती आमच्याशी मराठीत बोलते, पण ते वाक्य तिच्या तोंडून मराठीत निघालं नाही. दुकानदार विचारत होता, दुसरा देऊ का? मी तोच सेल खिशात टाकला आणि ऑटो थांबवला. तो सेल सुदामच्याच घड्याळासाठी होता.

दोनच दिवस आधी मी त्याच्याकडे गेलो होतो. छातीच्या दुखण्यानं तो दीड महिना खाटेवर होता, पाठीशी तीन उशा लावून बसलेला. त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक आपल्या वेळेचं आणि दुसरं साडेतीन तास मागचं. हे दुसरं घड्याळ त्यानं मोझांबिकहून परत आल्यावर लावलं आणि शेवटपर्यंत तिथल्याच वेळेवर चालवलं. "बाबू," तो म्हणाला. मी पोलाद कारखान्यात क्लार्क होतो, म्हणून त्यानं मला पहिल्या दिवसापासून बाबूच म्हटलं. "बाबू, सेल आनजो. घड्याळ मागं पडून राहिलं." मी म्हणालो, "ते तं मागंच हाये लेका, साडेतीन तास." तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं आणि वहिनींनी माझ्याकडे असं काही रागानं पाहिलं की मी गुपचूप उठलो. दारापर्यंत गेलो तर मागून आवाज आला, "उद्या आन, नाई तं परवा आन. पन आनजो." दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहुणे आले. एका सेलसाठी कुठे स्मृति नगराहून चरोद्यापर्यंत जायचं, उद्या जाऊ, असं म्हणून मी घरी बसलो. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

सुदाम रामटेके हा रेल्वेचा माणूस. भंडाऱ्याकडचा. वडील गँगमन होते, हाही गँगमन म्हणूनच लागला आणि पुढे मेट, मग मिस्त्री झाला. म्हणजे रूळ बसवणाऱ्या, खडी सारखी करणाऱ्या टोळीचा मुख्य. आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा सायकलनं कारखान्यात जात असे आणि वेळ वाचवायला एका ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडत असे. एके दिवशी तिथे काम चाललं होतं. एक सावळा, काटकुळा माणूस लाल झेंडी घेऊन आडवा आला. "मांगं हो." मी म्हटलं, मला ड्यूटी आहे. "मले काय वरात हाये?" तो म्हणाला. मी चिडून तिथेच उभा राहिलो. तासाभरानं काम संपलं, टोळीनं पहारी आणि फावडी गोळा केली, बाकीचे झाडाखाली जाऊन डबे उघडायला लागले. हा मात्र रुळाच्या कडेला उन्हात तसाच उभा. मी विचारलं, "आता कावून उभा हायेस? काम तं झालं." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी कारखान्यात नाही, बालवाडीत कामाला आहे. "पहिली गाडी नाई गेली अजून," तो म्हणाला.

त्यांच्या टोळीतला हा दंडक होता आणि सुदामच्या घरात तर तो वडिलांपासून चालत आलेला होता. ज्यानं रूळ बसवला, त्यानं त्यावरून पहिली गाडी सुखरूप जाताना डोळ्यांनी पाहायची, तोवर जागा सोडायची नाही. ऊन असो, पाऊस असो, घरी कुणी आजारी असो. "गाडीत मानसं असतात बाबू. त्याहिले काय माहीत खाली कोनाचा हात लागला हाये. आपल्याले माहीत असते." त्या दिवशी मालगाडी आली, हळूहळू त्या नव्या रुळावरून गेली. सुदाम उकिडवा बसून चाकांखाली पाहत राहिला. शेवटचा डबा गेल्यावर उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "जा आता, ड्यूटी हाये ना तुले." मी अर्धा दिवस उशिरा पोचलो आणि साहेबाची बोलणी खाल्ली. पण संध्याकाळी परतताना पुन्हा त्याच जागी थांबलो. तीस-पस्तीस वर्षांची मैत्री अशी सुरू झाली.

एक गोष्ट सांगायला हवी, ती मी आजवर कुठे बोललो नाही. सुदाम आमच्या घरी येऊ लागला तेव्हा माझी आई होती. ती त्याला चहा द्यायची, प्रेमानं द्यायची, पण एका वेगळ्या ग्लासात. तो ग्लास स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत पालथा ठेवलेला असे. सुदाम चहा झाला की ग्लास स्वतः विसळायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. मला वाटायचं, किती टापटिपीचा माणूस आहे! आई गेल्यावर घर आवरताना तो ग्लास माझ्या हाती लागला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तसाच चरोद्याला गेलो आणि त्याच्यासमोर बसून रडलो. तो म्हणाला, "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. तुले केव्हा समजते त्याची वाट पाहून राहिलो होतो." मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? "काय बोलावं? तुही माय होती. आन् तू माह्या घरी येनं बंद केलं असतं लाजेनं." हा त्याचा स्वभाव. त्याला समजलेलं तो दुसऱ्याला कळू देत नसे आणि दुसऱ्याला समजेपर्यंत थांबायची त्याची तयारी असे. हे मला तेव्हाच नीट उमगायला हवं होतं.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, त्यानंतर काही वर्षांनी त्याला मोझांबिकला जायची संधी आली. त्या देशात यादवी युद्धात एक जुनी रेल्वेलाइन पार उद्ध्वस्त झाली होती आणि ती पुन्हा उभी करायचं काम आपल्याकडच्या एका कंपनीला मिळालं होतं. अनुभवी मिस्त्री हवे होते. सुदामनं कधी विमान पाहिलं नव्हतं, समुद्र पाहिला नव्हता. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. मी जन्मभर कागदावर रुळांच्या रवानगीच्या नोंदी केल्या, हे रूळ इथे गेले, ते तिथे गेले, आणि मी दुर्गपलीकडे फारसा गेलो नाही. त्याला निरोप द्यायला मी स्टेशनवर गेलो तेव्हा म्हणालो, "तिथं जाऊन काय करशील, भाषा येते का तुले?" तो म्हणाला, "पहारीले भाषा लागत नाई."

त्याच्या क्वार्टरात फोन नव्हता, म्हणून दर दुसऱ्या रविवारी तो माझ्या घरी फोन करी. शकुनवहिनी प्रज्ञाला घेऊन सकाळीच चरोद्याहून येत, आमच्याकडे जेवत आणि फोनजवळ खुर्ची ओढून बसत. आधी वहिनी बोलत, मग प्रज्ञा, आणि शेवटची पाच मिनिटं माझी. त्या पाच-पाच मिनिटांतून मला तो देश समजला. तिथली सकाळची नमस्काराची पद्धत म्हणजे बोंदिया, आणि सुदाम म्हणे, "सकाळी उठलो का सगळे गोंदिया-गोंदियाच करतात, मले घरची आठवन येते." तिथला रूळ आपल्यापेक्षा अरुंद. पहिले काही दिवस हा नुसत्या नजरेनं रूळ सरळ आहे म्हणे आणि मोजलं की चुकलेलं निघे. "माहा डोळा ब्रॉडगेज हाये बाबू," तो कुरकुरला, "त्याले बारीक पाहाले शिकवून राहिलो." रुळांमध्ये झाडं वाढलेली, इतकी जाड की कुऱ्हाड चालवावी लागे. आधी जमिनीतले सुरुंग काढणारी माणसं पुढे जात, मागून ह्यांची टोळी. त्या टोळीचा मेट आर्मांदो नावाचा, सुदामच्याच वयाचा. रूळ उचलताना आपल्याकडे जी हाळी देतात, ती त्यानं आर्मांदोच्या टोळीला शिकवली आणि त्यांचं गाणं हा शिकला. फोनवर एकदा गाऊनही दाखवलं. वहिनी म्हणाल्या, आता पुरे करा, लोक काय म्हनतीन.

स्टेशनांची खरी नावं त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं आपली नावं पाडली होती. गाडी सुटणार ते वरचं स्टेशन. मग आंब्याचं स्टेशन, तिथे फलाटावरच मोठं आंब्याचं झाड. मग कोंबड्यांचं स्टेशन, कारण तिकिटाच्या खिडकीत एका म्हातारीनं कोंबड्या पाळल्या होत्या आणि गाडीच नाही तर खिडकीचा दुसरा उपयोग काय, असं तिचं म्हणणं. मग नदी, नदीवरचा लांब पूल. पुलानंतर मिठागरं. आणि शेवटी समुद्र. "रुळाच्या टोकाले समुद्र हाये बाबू! आपला रूळ कुठं संपते ते आपल्याले कधी दिसलंच नाई. इथं दिसते." पूल हे त्याचं खास काम होतं. पुलाच्या दोन्ही बाजूंचा रूळ त्यानं आणि आर्मांदोनं स्वतः उभं राहून बसवला होता. तिथल्या बायका टोपल्या घेऊन स्टेशनात येत, गाडी केव्हा येणार विचारत आणि परत जात. पहिल्या गाडीची तारीख ठरली तेव्हा त्यानं रविवार नसतानाही फोन केला. "मी पुलावर उभा राहीन," म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात वहिनींच्या छातीत गाठ निघाली. दवाखान्यात त्या माझ्या बायकोबरोबर गेल्या. डॉक्टर म्हणाले, लगेच काढायला हवी, काढल्यावरच समजेल कसली आहे ते. वहिनींनी मला समोर बसवून शपथ घातली, "भाऊजी, त्याहिले सांगू नका. वीस दिवस राह्यले हायेत गाडीले. सांगान तं ते येतीन." मी हो म्हणालो. दोन दिवस मी तो हो घेऊन फिरलो. रात्री झोप नाही, ऑफिसात लक्ष नाही. गाठ वाईट निघाली तर? आणि मी सांगितलं नाही म्हणून तो पोचला नाही तर? तिसऱ्या दिवशी मी त्याच्या कॅम्पाचा नंबर फिरवला. तो लाइनवर आला तेव्हा मागे टोळीचं गाणं ऐकू येत होतं. मी सांगितलं. गाणं मात्र चालूच राहिलं. मग तो म्हणाला, "ऑपरेशन कधी हाये?" मी म्हणालो, सोमवारी. "येतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तो थेट दवाखान्यात आला. बुटांना तिथली तांबडी माती तशीच होती. वहिनींनी मला पाहून तोंड फिरवलं, पण त्याला पाहून त्या इतक्या रडल्या की नर्सला त्यांना गप्प करावं लागलं. आठवड्यानं रिपोर्ट आला. गाठ साधी होती. पूर्ण निरुपद्रवी. सगळ्यांनी देवाचे, धम्माचे, डॉक्टरांचे आभार मानले, माझ्या बायकोनं शिरा केला. मी मात्र शिऱ्याची वाटी तशीच बाजूला ठेवली. ज्या माणसानं जन्मात एकदाही पहिली गाडी पाहिल्याशिवाय जागा सोडली नव्हती, त्याला मी त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या रुळावरून उठवून आणलं होतं, आणि तेही एका साध्या गाठीसाठी. परत जाण्यात अर्थ नव्हता, त्याचं तिथलं काम संपतच आलं होतं. ठरल्या दिवशी सुदाम माझ्याच घरी येऊन बसला होता, तिथे आर्मांदोचा फोन आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो सांगत होता की सकाळी सातला गाडी सुटली, पुलावर तो स्वतः उभा होता. सुदामनं फोन ठेवला आणि माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी घाई केली रे." तो म्हणाला, "बरं केलं." त्यापुढे ह्या विषयावर तो माझ्याशी कधीही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुर्गहून ते घड्याळ आणलं आणि साडेतीन तास मागं लावलं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले साडेदहा. निवृत्त झाल्यावर त्यानं चरोद्यातच, रेल्वे कॉलनीच्या बाहेर, दोन खोल्यांचं घर बांधलं. यार्डातल्या डब्यांचे धक्के तिथे दिवसभर ऐकू येतात. मीही निवृत्त झालो आणि रोज दहाच्या सुमारास त्याच्याकडे जाऊ लागलो. चहा व्हायचा, पेपर वाचून व्हायचा, सरकारला शिव्या देऊन व्हायच्या. आणि साडेदहा झाले की तो बोलता बोलता थांबायचा, घड्याळाकडे पाहायचा आणि म्हणायचा, "सुटली." मग खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून गाडी पुढे न्यायचा. आंब्याचं स्टेशन, कोंबड्यांचं स्टेशन, मग पूल... पुलावर त्याची बोटं हळू व्हायची, कारण पुलावर गाडी हळूच न्यायची असते. मग मिठागरं, मग समुद्र. सगळं मिळून पाच मिनिटांचा खेळ. तो रोज गाडी सोडायचा आणि माझ्या मनावरचं ओझं रोज थोडं हलकं व्हायचं. पाहिली नाही त्यानं, पण चालते तर आहे, असं मी मला समजावत असे.

मग त्या किनाऱ्यावर एक मोठं वादळ आलं. मी मोबाइलवर बातमी वाचली आणि फोटो पाहिला. नदीला पूर, पुलाचे मधले खांब नाहीसे, आणि रूळ स्लीपरांसकट दोरीच्या शिडीसारखे हवेत लोंबत होते. खाली लिहिलं होतं, वाहतूक बंद, केव्हा सुरू होईल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो, त्याच्या पेपरातलं परदेशाच्या बातम्यांचं पान काढून घेतलं आणि "आज एक पान कमीच आलं" म्हणून सांगितलं. साडेदहा वाजले. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सुटली." त्याला माहीत नाही, असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी पहारेकरी झालो. त्याच आठवड्यात प्रज्ञा रायपूरहून आली आणि म्हणाली, बाबा, तुमच्या लाइनचा व्हिडिओ शोधू का मोबाइलमध्ये, तर मी चष्मा खाली पाडला, खोकलो, तिच्या लग्नाचा विषय काढला. पोरगी माझ्यावर दोन दिवस रुसली. पुलावर आल्यावर त्याची बोटं पूर्वीपेक्षा हळू होत, कधी कधी अडखळत. मला वाटलं वय झालं. अशी किती वर्षं गेली... मी रोज जायचो, तो रोज गाडी सोडायचा आणि न धावणारी ती गाडी मी रोज त्याच्यासोबत समुद्रापर्यंत पोचवून घरी यायचो.

सुदाम गेला त्याला आता सहा आठवडे झाले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, वंदना झाली, पुण्यानुमोदनाच्या दिवशी यार्डातले जुने गँगमन काठ्या टेकत आले होते. मी सगळ्याला हजर होतो, पण त्यानंतर त्या घरी गेलो नाही. दहा वाजले की चपला घालायचो आणि पुन्हा काढून ठेवायचो. सेल शर्टाच्या खिशातून दुसऱ्या शर्टाच्या खिशात फिरत राहिला. शेवटी गेल्या रविवारी प्रज्ञाचा फोन आला, "काका, या ना. आई वाट बघते." गेलो. त्याची खुर्ची जागेवर होती. खाट काढली होती. साडेतीन तास मागचं घड्याळ भिंतीवर बंद पडून होतं.

प्रज्ञा त्याची पत्र्याची पेटी आवरत होती. त्यात सर्व्हिसचे कागद होते, जुनी शिटी होती, आणि आर्मांदोची पत्रं होती. ती पत्रं आर्मांदोची शाळेत शिकवणारी मुलगी इंग्रजीतून लिहून देई. मला त्यातल्या एक-दोनच पत्रांबद्दल माहीत होतं. पेटीत बरीच निघाली. एक मी उघडलं. वादळानंतर दोन आठवड्यांनी लिहिलेलं होतं. पूल गेला, कोंबड्यांच्या स्टेशनचं छप्पर गेलं, गाडी बंद झाली, तुझा आणि माझा रूळ नदीत आहे, मित्रा, मला माफ कर... मी ते पत्र पटकन मिटलं. "हे त्याला वाचून दाखवलं का कोणी?" मी विचारलं.

"मैंने ही तो पढ़ा था, काका," प्रज्ञा म्हणाली. "ज्या हफ्त्यात आलं त्याच हफ्त्यात. बाबा दोन दिवस जेवले नव्हते."

मी पत्र पुन्हा उघडलं. "मग... मग रोज सुटली म्हणायचा तो?"

प्रज्ञानं आईकडे पाहिलं. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी येत म्हनून म्हनत ते. तुमी नसले त्या दिवशी नाई म्हनत. घड्याळाकडे पाठ करून बसत." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मले सांगून ठेवलं होतं. म्हनत, बाबूले सांगू नको. त्याले वाटते त्यानं मले पहिल्या गाडीपासून तोडलं. गाडी चालते असं वाटते तोवर त्याच्या जिवाले बरं हाये. बंद पडली म्हनून समजलं तं तो माह्या समोर बसनार नाई."

मी पेपरातलं पान लपवत होतो, चष्मा पाडत होतो, आणि त्या घरातली तिन्ही माणसं मला सांभाळून घेत होती. मला एकदम तो खिडकीतला पालथा ग्लास आठवला. मला केव्हा समजतं ह्याची तो पुन्हा एकदा वाट पाहत होता. पहिल्या वेळी मी त्याच्यासमोर बसून रडू तरी शकलो होतो. ह्या वेळी मला समजायला उशीर झाला. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा रडलो.

वहिनी जवळ येऊन बसल्या. "भाऊजी, एक गोष्ट मीबी बोलली नाई कधी," त्या म्हणाल्या. "सांगू नका म्हनून मीच तुमाले शपथ घातली होती. पन रोज वाटे, तुमी सांगावं. लई भेव लागत होतं मले. ते आले म्हनून मी त्या ऑपरेशनच्या टेबलावर चढू शकली. हे त्याहिले मी सांगितलं होतं. तुमाले सांगाचं राह्यलं." माझ्याही बोलायच्या गोष्टी राहून गेल्याच होत्या, आणि त्या ज्याला सांगायच्या तो आता नव्हता.

थोड्या वेळानं मी खिशातून सेल काढला. प्रज्ञानं स्टूल आणून दिलं. मी घड्याळ उतरवलं, धूळ पुसली, सेल बसवला. काटे फिरवून वेळ लावायची तर शेजारच्या घड्याळात पाहावं लागलं. दहा वाजून सत्तावीस मिनिटं. म्हणजे तिथले सातला तीन कमी. घड्याळ पुन्हा खिळ्याला लावलं, स्टुलावरून उतरलो आणि रोजच्या जागी जाऊन बसलो. वहिनी चहा ठेवायला उठल्या नाहीत, तिथेच बसून राहिल्या. बाहेर यार्डात डबे एकमेकांवर आपटत होते. तीन मिनिटं आम्ही तिघं घड्याळाकडे पाहत बसलो. मग मोठा काटा बारावर आला आणि मायलेकींनी माझ्याकडे पाहिलं.

"सुटली," मी म्हणालो.

आवाज माझा मलाच ओळखू येईना. खुर्चीच्या हातावर बोटं ठेवली, ठेका धरला. आंब्याचं स्टेशन आलं. कोंबड्यांचं स्टेशन आलं, छप्पर नसलेलं. मग पूल आला आणि माझी बोटं थांबली. मला तो फोटो दिसत होता, हवेत लोंबणारे रूळ दिसत होते, आता काही माहीत नसल्याचं सोंग कुणासाठी करायचं? मी हात उचलला.

"थांबू नका भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते पुलावर हळू करत. थांबत नसत."

मी हात पुन्हा खुर्चीवर ठेवला. बोटं हळू केली, अगदी हळू, आणि गाडी पुलावर घातली.